पाठीची माती

“पण गणपालाच का?”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. ते कुस्तीच्या हौद्यात उकिडवे बसून तांबड्या मातीतल्या काड्या वेचत होते. काडी सापडली की उजेडाला धरून बघायची आणि हौद्याच्या काठावर ठेवायची. घाई म्हणून नाही.

“वस्ताद, मी तुमाला इचारतोय.”

“बूट काढ.”

रणधीर मगदुमानं खाली बघितलं. रागाच्या भरात तो बुटांसकट तालमीत शिरला होता. ज्या उंबऱ्यावर पोरवयापासून कपाळ टेकलं, तोच आज त्यानं बुटानं ओलांडला होता. त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. पण राग काही उतरला नाही. बूट दाराशी ठेवून तो परत आला आणि तिथंच उभा राहिला.

“आता सांगा.”

“काय सांगू?... दसऱ्यापासनं हौदा गणपाचा. चारचौघात बोललोय मी. माझ्यानं आता हुईना झालंय.”

“आणि मी?”

वस्तादांना आणखी एक काडी सापडली.

आता हा गणपा लोहार कोण, ते सांगायला हवं. रणधीरच्याच वयाचा, याच तालमीतला. अंगानं ठीक, स्वभावानं गरीब, आणि कुस्तीत... काय सांगावं! जत्रेच्या मैदानात त्याची कुस्ती लागली की लोक चहाला उठायचे. कधी पडायचा, कधी पंच कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवायचे. पंचक्रोशीत त्याला ‘बरोबरीचा गणपा’ म्हणत, आणि हा बाबा त्या नावालाही हसून ओ द्यायचा.

आणि रणधीर? त्याचं नाव पुकारलं की मैदानात शिट्ट्या थांबत नसत. भल्याभल्यांना त्यानं अस्मान दाखवलं. सोळाव्या वर्षापासून लंगोट उतरवेपर्यंत त्याच्या पाठीला माती लागली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, पण खोटं सांगत नव्हता.

मग खांदा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. डॉक्टरांनी हात जोडले आणि रणधीरनं कुस्ती सोडली.

पहिलं वर्ष सत्कारांत गेलं. शाली, फेटे, भाषणं. पुढं फोन यायचे थांबले. तशी नोकरी होती, बायको होती, पोरं शाळेत जात होती. कशाला कमी नव्हतं. पण पहाटे डोळे उघडायचे आणि जायला कुठं नसायचं. अंथरुणात पडून तो अंधाराकडं बघत राहायचा. वस्ताद थकतील, मग हा हौदा आपलाच, या एका आशेवर त्यानं त्या सगळ्या पहाटा काढल्या होत्या.

आणि हौदा गेला गणपाला.

“गल्ली हसतीया मला, वस्ताद.”

“हसू दे की. गल्लीला दुसरं काम काय?”

“अवो, ज्याची पाठ रोज सांजंला तांबडी असती, त्याच्या हातात तालीम? पोरं पाडत्यात त्याला! काल आलेलं पोरगं आज त्याच्या छातीवर बसतंय. काय शिकवणार तो? पडायला?”

वस्तादांचा हात जरा थांबला.

“तूबी काढली हुतीस की तालीम. माळावर.”

“काढली हुती.”

“पोरं आली?”

“चिक्कार आली. माझं नाव ऐकूनच आली.”

“ऱ्हायली किती?”

“आजकालची पोरं कच्ची हायत, वस्ताद. चार दिवस रगडलं की ट्रंका उचलत्यात.”

वस्तादांनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

“तू स्वतः लढायचास त्यांच्यासंगं?”

“मग! रोज. एकाला बी अंगाला हात लावू दिला न्हाई.”

“बरं,” वस्ताद म्हणाले आणि पुन्हा मातीकडं वळले.

त्या ‘बरं’नं रणधीर जास्तच पेटला. तो काठावर खाली बसला आणि मनात साठवलेलं ओकला.

“सरळच बोलतो. समदं जग म्हणतंय, वस्ताद पठ्ठ्याला सगळं शिकवतो आणि एक डाव राखून ठेवतो. तुमीबी ठेवलाच असणार. मी कधी मागितला न्हाई. म्हटलं, येळ आली की देतील. आणि तुमी तो गणपाला दिलासा. व्हय का न्हाई?”

“राखलाय एक. खरं हाय.”

रणधीरला कबुली इतक्या सहज मिळाली. त्याला वाटलं होतं, म्हातारा नाकारील, मग आपण भांडू.

“म्हंजे गणपाला दिलासा...”

“त्याला कुठला देतोय? त्याला येतच हुता.”

“मला शिकवा.”

“तुला?”

“मला. आत्ता. कुठला डाव हाय जो मला यायचा न्हाई? सोळा वर्सांचा हुतो, वस्ताद. ह्याच हौद्यात तुमाला ढाकेवर घेतलं हुतं मी. समदी तालीम बघत हुती. ध्यानात हाय न्हवं?”

“हाय की. पाडलं हुतंस.”

रणधीरची मान ताठ झाली. त्याच्या सगळ्या कुस्त्या एका पारड्यात आणि ती एक सकाळ दुसऱ्या पारड्यात. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीतून मिरवलं होतं. ज्यानं वस्तादाला पाडलं, त्याला दुनियेत कोण पाडतंय, असं त्या दिवशी त्याच्या मनानं घेतलं आणि पुढं तसंच झालं.

वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. सदरा काढून खुंटीला लावला. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात, असं अंग झालं होतं.

“उतर.”

रणधीरनंही शर्ट काढला. चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हौद्यात पाय टाकला. ताक, तेल नि हळद घालून मळलेली ती माती पायाला गार लागली. त्याला बरं वाटलं. काही झालं तरी ते घर होतं.

वस्तादांनी एका हातानं त्याची मान धरली, दुसऱ्यानं दंड. ढाक म्हणजे असंच असतं. मान आणि हात धरायचा, कंबर आत घालायची आणि गड्याला कमरेवरनं पलीकडं टाकायचं. पकड जुनी होती, पण बळ ओसरलं होतं.

“मी ढाक लावतो. तू पड.”

“पडू?”

“पड. एवढंच काम.”

रणधीरला हसू आलं. त्यानं मान हलवली.

वस्तादांनी ओढलं. रणधीरचा डावा पाय आपसूक मागं गेला आणि मातीत रुतला. म्हातारा त्याच्या अंगावर आदळून थांबला.

“मुद्दाम न्हाई केलं, वस्ताद.”

“ठावं हाय. पुन्यांदा.”

वस्तादांनी पुन्हा ओढलं. या वेळी रणधीरनं मनात म्हटलं, पडायचं. नुसतं सैल सोडायचं, त्यात काय! पण ऐन वेळी मांडी दगड झाली, पाठ ताठ झाली, आणि वस्ताद खोकत मागं सरले.

“ऱ्हाऊ द्या वस्ताद. तुमाला दम लागलाय.”

“पुन्यांदा.”

तिसऱ्यांदा तर त्यानं डोळे मिटून घेतले. घाम फुटला. एवढा घाम त्याला मोठमोठ्या मैदानांत कधी फुटला नव्हता. मन पड म्हणत होतं आणि पाय ऐकत नव्हता. वस्तादांनी होतं नव्हतं ते बळ लावलं. रणधीर तसूभर हलला नाही.

“येत न्हाई, वस्ताद.”

वस्ताद त्याच्याच खांद्यावर हात टेकून धापा टाकत होते.

“व्हय... लई अवघड हाय.”

रणधीरची नजर वस्तादांच्या कमरेवर गेली. तिन्ही वेळा ती आत यायला उशीर झाला होता. वयच तसं. आणि कंबर उशिरा आली की ढाक लागत नाही, हे तालमीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तेवढ्यात त्याला ती जुनी सकाळ आठवली.

एक गोष्ट त्यानं फार वर्षं दडपून ठेवली होती. त्या सकाळी, त्या ढाकेच्या वेळी, एक क्षणभर त्याला कळलं होतं. मग पोरांनी गलका केला, कुणीतरी उचललं, गुलाल उडाला, आणि कळलेलं त्या गुलालाखाली गेलं ते गेलंच.

“वस्ताद.”

“हं.”

“त्या दिवशी... माझी कंबर उशिरा आली हुती.”

वस्तादांनी काठावरचा पंचा ओढून तोंड पुसलं.

“तुझी कंबर येळंवर यायला आणखी दोन वर्सं गेली.”

वरून एक काडी हौद्यात पडली. वस्तादांनी वाकून उचलली.

“म्हंजे तुमी पडलासा?”

वस्तादांनी काडी उजेडाला धरून बघितली.

“का?”

“ट्रंक बांधली हुतीस की. सकाळच्या गाडीनं जाणार हुतास.”

रणधीर हौद्यातच बसला.

ट्रंकेचं त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही. ते वर्षच तसं होतं. रोज कुणी ना कुणी त्याला पाडायचं. रोज रात्री तो तालमीतच घोंगडीत तोंड खुपसून रडायचा. शेवटी कंटाळून त्यानं ट्रंकेला दोरी बांधली आणि ती कोपऱ्यात सरकवली. उद्या सकाळी शेवटची एक कुस्ती धरायची आणि गाव गाठायचं, असं ठरवलं होतं. ती कुस्ती वस्तादांनी त्याच्याशी धरली. मिरवणुकीतून आल्यावर त्यानं गुपचूप दोरी सोडली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून देवाचे आभार मानले.

त्याला वाईट वाटलं. रागही आला. एवढं घर बांधलं आणि पायाचा दगड दुसऱ्याचा निघाला! मग त्यानं तोंड फिरवलं.

“समद्या तालमीसमोर पडलासा. लोक हसलं असतील तुमाला.”

“हसलं की. वर्सभर हसत हुतं.” वस्तादांनाही आता जरा हसू आलं. “पानपट्टीवर जायचं बंद केलं हुतं मी.”

रणधीरला माळावरची आपली तालीम आठवली. एक काटकुळं पोरगं होतं तिथं, रोज उठून त्याच्यावर धावून यायचं, रोज आपटायचं. चांगलं होतं पोरगं. एका सकाळी त्याची वळकटी जागेवर नव्हती. रणधीर तेव्हा म्हणाला होता, गेलं तर गेलं, कच्चंच होतं.

त्या पोराचं नावही त्याला आठवेना.

मग कुणी ओढलं नाही, कुणी पड म्हणालं नाही. रणधीरनं आधी कोपर टेकलं. मग दुखरा खांदा. मग हळूहळू, थंड पाण्यात उतरावं तशी, सगळी पाठ मातीला लावली. लावली आणि तो तसाच श्वास रोखून राहिला. काही झालं नाही. माती गार होती.

त्यानं डोळे उघडले.

वर तालमीचं आढं होतं. काळी पडलेली तुळई, कौलं, एका फुटक्या कौलातून आलेला उन्हाचा कवडसा. पोरवयात हे कधी बघितलं असेल तर आठवत नव्हतं. तेव्हा पडलं की लाजेनं डोळे गच्च मिटायचे आणि झटक्यात उठायचं. तुळईच्या कोपऱ्यात गवताचा एक पसारा होता. त्यातून काड्या खाली लोंबत होत्या.

“काय दिसतंय?” वस्तादांनी विचारलं.

“घरटं... चिमणीचं घरटं हाय.”

“हं.”

“ह्या काड्या तिथनं पडत्यात व्हय?”

“मग. रोज पडत्यात.”

बाहेर गल्लीत पोरांचा गलका ऐकू आला. सांजेच्या मेहनतीची वेळ झाली होती. पोरांत गणपाचं हसणं वेगळं कळत होतं. एरवी रणधीर ताडकन उठला असता, पाठ झटकून शर्ट चढवून मोकळा झाला असता. आज तो पडून राहिला.

“वस्ताद, मग हौदा गणपालाच?”

या वेळी त्यानं नुसतं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

वस्तादांनी हातातली काडी काठावरच्या काड्यांत ठेवली आणि सदरा घ्यायला खुंटीकडं निघाले.

“त्या घरट्यात पिल्लं किती हायत, गणपाला इचार. त्याला रोज दिसतंय.”