आठवी तक्रार

“तिला काय विचारायचं, अप्पा? ती तोंडच उघडत नाही.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचे कप घेऊन दाराआड उभी होते, म्हणून कानावर पडलं. बोलणारे आमचे हे. लग्नाला अजून महिना व्हायचा होता.

अप्पाशास्त्री वैद्यांनी एवढंच विचारलं होतं, “तुझं यंत्र बायकोला दाखवलंस का?”

हे दोन वर्षं अप्पांकडे वैद्यकी शिकले आणि मग खलबत्ता सोडून संगणकाकडे वळले. आता गुरूंच्या पाया पडायला म्हणून मला घेऊन चार दिवस राहायला आले होते. सोबत बोलता टॅब होता. रुग्णाने लिहायचं नाही, नुसतं बोलायचं. यंत्र ऐकणार, लिहून घेणार, वाचून दाखवणार. अप्पांनी हो म्हटलं तर खोऱ्यातल्या बारा दवाखान्यांत ते लागणार होतं.

मी कप ठेवले. दोघंही चहात बघू लागले.

“लिहिता न येणाऱ्यालाही जमतं,” हे म्हणाले. “हात कामात असले तरी चालतं. यात खोट काढून दाखवा.”

“दाखवायला कशाला हवी? असली तर दिसेल. लाव ओसरीवर.”

ओसरीवर आठ रुग्ण होते. ह्यांनी टॅब खांबाला बांधला. मी स्वयंपाकघरात गेले. तिथून सगळं ऐकू येतं, दारातून दिसतंही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पहिले धोंडबा. बोटं वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू.

“आपल्याला काय त्रास होतो?” यंत्राने विचारलं.

धोंडबा दहा मिनिटं बोलले. त्यात म्हैस होती, जावई होता, सोसायटीची निवडणूक होती. यंत्राने सगळं लिहिलं.

माजघरात अप्पा औषध खलता खलता ते ह्यांच्या फोनवर वाचत होते. मध्येच बत्ता थांबला.

“आडवं पडल्यावरच खोकला येतो... हे वीस वर्षांत मला नाही सांगितलं त्याने.”

“तुम्ही विचारलं नसेल.”

“विचारलं रे. पण म्हशीच्या पुढे त्याला जाऊच दिलं नाही मी कधी.” अप्पा जरा हसले. “तुझं यंत्र माझ्यापेक्षा धीराचं आहे, शशांका.”

ह्यांची मान ताठ झाली. ती पुढचे सहा रुग्ण तशीच राहिली.

आठवी एक बाई. माझ्याच वयाची. दिराने मोटारसायकलवरून आणलेली.

“आपल्याला काय त्रास होतो?”

ओसरी गप्प झाली. धोंडबांनीसुद्धा कान पुढे केला.

“...”

“आपला आवाज ऐकू आला नाही. कृपया मोठ्याने बोला.”

“काही नाही.”

“आपली तक्रार : काही नाही. बरोबर असल्यास हो म्हणा.”

“हो.”

कोणीतरी खुसकन हसलं.

पाणी पिऊन येते, असं दिराला सांगून ती घराला वळसा घालून मागच्या दारी आली. मी तांब्या दिला. तिने दोनच घोट घेतले.

“तुम्ही इथल्याच?”

“नाही. पाहुणी.”

“बरं झालं.”

मग ती बोलू लागली. इतकं हळू, की मला गॅस बंद करावा लागला. सांगून झाल्यावर ती पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून.

मी माजघरात आले. ह्यांनी टॅब खांबावरून सोडून आत आणला होता.

“माणसं आठ,” अप्पा म्हणत होते. “तक्रारी सात.”

“ती काही नाही म्हणाली ना? मग नसेल काही.”

“एवढा घाट उतरून काही नाही सांगायला आली?”

“प्रश्न सोपा करतो, अप्पा. आवाजाची पट्टी खाली आणतो. हळू बोललेलंही टिपेल.”

अप्पांनी टॅब उचलला. पालथा करून पाटावर ठेवला.

“तुझी काकू होती, तेव्हा असल्या बायका मला कधी दिसल्याच नाहीत. त्या चुलीपाशी येत. काकू माझ्यापाशी येई. औषधाची पुडी तेवढी माघारी जाई.”

“आणि आता?”

“आता दिसतात... आणि तशाच परत जातात.”

“मग यात मी काय करायचं?”

“मला ठाऊक असतं तर तुझी काकू गेल्यापासून सहा वर्षं गप्प बसलो असतो का?”

सगळ्या सूचना तयार ठेवणाऱ्या माणसाने पाटावरचा टॅब सरळ केला आणि पुन्हा पालथा ठेवला.

बाहेर मोटारसायकल सुरू झाली. “वहिनी, चला,” दिराने हाक मारली. मागच्या पायरीवर बांगड्या हलल्या.

“अप्पा, तुम्ही स्वयंपाकघरात या, ती मागच्या पायरीवर आहे. मला सगळं सांगितलंय तिने,” मी म्हणाले. “आणि अहो, तुम्ही हे यंत्र घेऊन ओसरीवर जा. तिच्या दिराला कुठे कुठे दुखतं ते विचारा. तासभर तरी बोलत ठेवा.”