उंबऱ्याबाहेर गेलेला निखारा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची म्हणून सांगितली जाणारी ही कथा निरनिराळ्या रूपांत आढळते. समुद्राकाठच्या पाठात तिची नायिका कोळ्याची विधवा असते, डोंगराकडच्या पाठात मेंढ्या राखणारी; एका पाठात तर दाराशी आलेला याचक देवदूत निघतो. येथे दिलेला पाठ सर्वांत साधा आहे. त्यात याचक शेवटपर्यंत माणूसच राहतो.

फार वर्षांमागे एका गावाच्या माथ्यावर सामायिक जमीन होती. दुष्काळात निम्मे गाव जहाजाने परदेशी गेले, ती कसायला हात उरले नाहीत आणि तिच्यावर नेच्यांचे रान माजले. पुढे गावप्रमुखाने ठरवले, की ही पडीक जमीन लहान शेतकऱ्यांना सारख्या पट्ट्यांनी वाटून द्यायची. जुना दंडक असा, की वाटा माणसाला नाही, घरच्या चुलीच्या धुराला मिळतो. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी प्रमुखाने टेकडीवरून धूर मोजायचे. जितके धूर, तितके वाटे.

त्या सकाळी एक विधवा चुलीपुढे बसली होती. तिच्याजवळ एक गाय आणि अंगणाएवढे शेत होते. मात्र तिची आग पणजीच्या काळापासून विझलेली नव्हती. दारात एक तरुण येऊन उभा राहिला. आदल्या दिवशीच तो बायको आणि बाळासह परदेशातून परतला होता आणि शेजारच्या, बापाच्या ओस झोपडीत उतरला होता.

“मावशी, एक निखारा द्याल? माझा गारगोटीचा कापूस भिजलाय.”

“आज कोणता दिवस आहे, ठाऊक आहे ना?”

त्याला ठाऊक होते. त्या सकाळी ज्या घरातून आग बाहेर जाते, त्या घरच्या गाईचे वर्षाचे दूध आगीमागोमाग जाते, अशी गावाची श्रद्धा होती.

“सगळी दारं फिरून आलो,” तो म्हणाला.

“म्हणजे माझं दार शेवटचं. मान तरी बरा दिलास.”

आणखी एक धूर म्हणजे आपली पट्टी अरुंद, हेही तिला कळत होते. तिने गाईकडे पाहिले. मग चिमट्याने सर्वांत मोठा निखारा उचलून त्याच्या मडक्यात घातला.

थोड्या वेळाने ती अंगणात आली आणि जागीच थबकली. ज्या छपरावरून कित्येक वर्षे फक्त कावळे उडाले होते, तेथून निळसर धुराची रेघ वर चढत होती. तिच्या स्वतःच्या घरचा धूर त्या रेघेशेजारूनच वर जात होता. वर, पहिल्या उन्हात, दोन्ही एकमेकांत असे मिसळले, की आपला कोणता हे तिला ओळखू येईना. प्रार्थनामंदिरात शिरताना करावा तसा तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

टेकडीवरून प्रमुख कपाळाला आठ्या घालूनच उतरला. धूर फार झाले होते. तो घरोघर जाऊन चुलीखालच्या दगडाला हात लावू लागला, कारण जुन्या आगीचा दगड तळापर्यंत उबदार असतो. गावातल्या एका बड्या गवळ्याच्या गोठ्यांतून चुली धगधगत होत्या, पण खालचे दगड गार होते.

“इथं कोण राहतं?”

“माणसंच राहतात की,” गवळी म्हणाला. “सध्या बाहेर गेलीत.”

“शेपट्या इथंच विसरून,” मागून कोणीतरी म्हणाले.

मग तरुणाच्या झोपडीतला दगडही गार लागला. गवळी हसला. “आता याचाही धूर पुसा.”

विधवा प्रमुखापुढे आली. “बाबा, दगड गार आहे, पण आग जुनी आहे. माझ्या चुलीतली.”

“आज दिलीस?”

“आज.”



“माझ्या गोठ्यांतली आगही माझ्या जुन्या चुलीतलीच आहे,” गवळी म्हणाला.

“ती तुझ्याच उंबऱ्याआत फिरली, तुझं काही गेलं नाही,” प्रमुख म्हणाला. “वर्षाचं दूध पणाला लावून कुणी खोटा शेजारी उभा करत नाही.” त्याने टोपी काढली आणि त्या गार दगडापुढे तो क्षणभर मान लववून उभा राहिला. एकेक करून इतरांच्याही टोप्या उतरल्या.

सांगणारे येथे थांबून मुलांना तात्पर्य सांगतात: गावाची जमीन एकेकाच्या हावेने वसत नाही, शेजारी वाढल्याने वसते. गाईने त्या वर्षी किती दूध दिले, ते हा पाठ सांगत नाही.

दोरी नव्याने ताणून पट्ट्या आखल्या गेल्या. गवळ्याला एकच मिळाली. विधवेची हातभर अरुंद झाली, आणि तिच्या लगतच्या पट्टीतला पहिला दगड त्या दुपारी तरुणाने उपसून बांधावर ठेवला.