तीन ग्लासांतला दोष

चारुशीला खैरनारने दिंडोरीच्या उतारावर चार वर्षं खपून बिअरला कडसर चव देणाऱ्या हॉप्सचे वेल जगवले आणि त्यांची फुलं घालून राय धान्याची बिअर बनवली. नाशिकच्या स्पर्धेत जर्मनीत शिकून आलेले परीक्षक राजेशिर्के प्रत्येक बिअरचा एकच घोट घेत आणि दोष सांगून मोकळे होत. चारुशीलाच्या बिअरचे मात्र तीन ग्लास रिकामे करून ते म्हणाले, "हॉप्स गावठी आहेत. काहीतरी दोष असणारच."

चारुशीला शांतपणे म्हणाली, "साहेब, इतरांचे दोष तुम्हाला एका घोटात सापडले. माझा तीन ग्लासांतही सापडला नाही. पिंप इथेच ठेवू का?"

सगळे हसले. राजेशिर्क्यांनी पहिल्या क्रमांकावर तिचं नाव लिहिलं आणि ग्लास पुन्हा पुढे केला. "ठेवा," ते म्हणाले, "शोध अर्धवट सोडणं बरं नाही."