काडी मोडली, बोल तुटला

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. तेव्हा राजे दूर कुठेतरी राहत आणि गावं आपला न्याय आपणच करत. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या तोंडून 'अगं बाई!' एवढंच निघालं. मग हातातलं काम मी खाली ठेवलं. तुमचं तसं झालं, तर तुम्हीही जरा थांबा आणि मग पुढे ऐका.

नदीच्या दोन्ही काठांना मिळून एक गाव होतं. मधे ये-जा करायला लाकडी साकव होता. गावात मेंढ्या पुष्कळ, म्हणून लोकर पुष्कळ, आणि म्हणून घोंगड्या विणणारी घरंही पुष्कळ. माणसं कष्टाळू होती, देवभोळी होती, दारी आलेल्याला उपाशी पाठवत नसत. त्या गावात एकच गोष्ट विचित्र होती.

नवरा-बायकोचं पटेनासं झालं, थोरामोठ्यांनी समजावून पाहिलं आणि तरीही पटेना, की ती दोघं पारावर पंचांपुढे उभी राहत. थोरला पंच एक वाळकी काडी त्यांच्या मधोमध धरी आणि कट्‌कन मोडी. झाला काडीमोड! इथवर नवल काही नाही. काडीमोड इतर गावांतही होत असे. पण या गावात काडी मोडली, की त्या दोघांनी पुन्हा जन्मात एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नसे. 'काडी मोडली, बोल तुटला' अशी तिथली म्हणच होती.

हा नियम कुणा शहाण्या पूर्वजानेच घातला असणार. भांडणाऱ्यांची तोंडं बंद झाली की शेजारी सुखाने झोपतात, हे त्याला कळलं होतं. आणि शेजारी खरंच सुखाने झोपत.

आता तुमच्या मनात आलंच असेल, की त्या दोघांना मूल असलं, तर त्याच्याबद्दल ती एकमेकांशी बोलणार कशी? तुमच्या मनात आलं ते त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या मनात आलं नाही. इतकी शहाणी माणसं आणि इतकी साधी गोष्ट दिसू नये? मला तर अजून विश्वास बसत नाही.

त्या गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. ती सूत काती, तो मागावर बसे. तो फटकळ होता, ती मनात ठेवणारी होती. तो एक बोलून विसरे, ती न बोलता लक्षात ठेवी. माणसं म्हणून दोघांत काही वाईट नव्हतं. पण एका छपराखाली आली की एकमेकांना वाईट करून सोडत. त्यांना एकच लेक होती. सोनकीची पिवळी फुलं डोंगरभर फुललेली असताना ती जन्मली, म्हणून तिचं नाव सोनकी.

एके दिवशी ती दोघं पारावर उभी राहिली आणि थोरल्या पंचाने त्यांची काडी मोडली. बायको नदीपलीकडे माहेरी जाणार, नवरा अलीकडे आपल्या घरी राहणार, हे ठरलं. राहिला प्रश्न सोनकीचा.

पंचांनी बराच खल केला आणि निवाडा दिला, "चांदण्याचा पंधरवडा पोर आईकडं. अंधारा पंधरवडा बापाकडं."

"वा रे न्याय!" विणकर उसळला. "उजेड तिला न्‌ अंधार मला?"

"पंचांनी त्यांना विचारावं," बायको पंचांकडे तोंड करून म्हणाली, "घरात दिवा कुठं ठेवलाय, ते तरी ठावं हाय का?"

सगळा पार खो-खो हसला. हसण्यासारखं होतंच ते. पण सोनकी हसली नाही, आणि तिकडे कुणी पाहिलं नाही.

मग सुरू झाली सोनकीची ये-जा. पौर्णिमा झाली की ती साकवावरून इकडे येई, अमावस्या झाली की तिकडे जाई. आई-बापाला आपसात बोलायची बंदी. पण पोरीच्या खाण्यापिण्याचं, दुखल्याखुपल्याचं बोलावं तर लागतंच ना? मग ते कोण सांगणार? दोन्ही घरांमधून जाणारं-येणारं तोंड एकच होतं.

"सोनके, बाला सांग, तुला ताक सोसत नाही."

"सोनके, आईला सांग, जत्रेला मी नेणार हाय तुला."

सुरुवातीला निरोप असेच साधे होते. पण चुलीतला जाळ काही चुलीत राहत नाही. हळूहळू निरोपांना धार आली.

"सांग तुझ्या बाला, पोर पाठवलीय का उकिरड्यावरून उचलून आणलीय? केसांत ही जट!"

"सांग तुझ्या आईला, आधी स्वतःच्या जिभेची जट सोडव म्हणावं!"

सोनकी गुणाची पोर. तिला सांगितलेलं ती जसंच्या तसं सांगे. साकवावरून जाताना पुटपुटत घोकून घेई, एक शब्द सांडू देत नसे. दारात पोचली की ताठ उभी राहून, दोन्ही हात अंगाशी चिकटवून धडाधडा म्हणून टाकी. आणि मग समोरचा चेहरा बदलताना बघत राही. शब्द आईचे असत, पण ते बाहेर पडत सोनकीच्या तोंडातून. राग आईवरचा असे, पण समोर उभी असे सोनकी.

एकदा ती आली आणि म्हणाली, "बा, आई म्हणाली, तुझ्यासारख्याच्या हातात मेंढरू सुद्धा कुणी देऊ नये."

फाट्‌! विणकराचा हात सुटला.

आपण त्या शब्दांना मारलं असं त्याला वाटलं. पाचही बोटं उमटली ती पोरीच्या गालावर. लेकीवर जीव टाकणारा माणूस होता हो तो! स्वतःचा हात बघून तो स्वतःच हबकला. पण आपण कुणाला मारलं, हे कळूनही आपण का मारलं, हे त्याला कळलं नाही.

त्या दिवसापासून सोनकी खोटं बोलायला लागली.

आईने दिलेला कडू निरोप ती साकवावरून नदीत टाकून देई आणि बापाला सांगे, "आई म्हणाली, तुझ्यासारखी घोंगडी कुणी विणत नाही." बापाने दिलेली शिवी ती गिळून टाकी आणि आईला सांगे, "बा म्हणाला, तुझ्या हातच्या सुताला गाठ कशी ती नसते." दोन्ही घरं चक्रावली. मग दोन्ही घरं जरा निवली. सोनकीला वाटलं, जमलं!

पण खोटं पचवायलाही मोठ्यांचं पोट लागतं. विणकराने एक मऊ घोंगडी विणली आणि सोनकीजवळ दिली. "आईला दे. म्हणावं, बोलण्यात मीही कमी नव्हतो."

आईने घोंगडी पाहिली आणि ती चकित झाली. "हे काय नवीन? मी काय बोलले म्हणून?" सोनकीची उत्तरं अडखळली आणि एकेक करत सगळं बाहेर आलं. आईचा पारा चढला. "म्हणजे तो मला भीक पाठवतो आणि पोरीला खोटं शिकवतो? जा, आत्ताच्या आत्ता परत दे ही. सांग त्याला, असल्या बापाकडं मी पोर ठेवणार नाही."

सोनकी घोंगडी घेऊन निघाली. साकवाच्या मध्यावर आली आणि थांबली. पुढे जाऊन निरोप सांगता येईना, मागे जाऊन सांगितलं म्हणता येईना. शेवटी ती तिथेच घोंगडी मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी मेंढ्या घेऊन परतणाऱ्या म्हाताऱ्या मेंढक्याने तिला पाहिलं तेव्हा ती थंडीने काकडत होती, पण घोंगडी पांघरली नव्हती. "माझी नाही," एवढंच ती म्हणाली.

गावभर बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी दोघंही पंचांपुढे हजर.

"पोर मला द्या," बाप म्हणाला. "त्या घरात ती खोटं शिकली."

"पोर मला द्या," आई म्हणाली. "त्या घरात ती मार खाते."

एकमेकांकडे न बघता, पंचांकडे तोंड करून दोघांनी एकमेकांची जी काही लक्तरं काढली, ती मी इथे सांगणार नाही. पार माणसांनी भरला होता. ऐकणारे कान टवकारून ऐकत होते.

थोरल्या पंचाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सोनकीला जवळ बोलावलं. "भिऊ नको, बाळ. तुलाच विचारतो. कुणाकडं राहायचं तुला? आईकडं का बापाकडं?"

सोनकी खाली वाकली. पाराशी पडलेली एक वाळकी काडी तिने उचलली आणि थोरल्या पंचापुढे धरली.

"आजोबा, माझी पण काडी मोडा."

म्हाताऱ्या पंचाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुणाबरोबर गं?"

"आईबरोबर. आन्‌ बाबरोबर बी."

सगळा पार गार पडला. आईचा हात तोंडावर गेला. बाप उभा होता तो पाराच्या कट्ट्याला धरून राहिला. जन्मापासून काडीमोड बघत आलेली माणसं ती, पण लेकराने काडी मोडून मागितलेली कुणी पाहिली नव्हती.

"का गं बाळ?" म्हातारा तिच्याकडे वाकला. "ती दोघं आवडत न्हाईत तुला?"

"लई आवडतात."

"मग?"

"काडी मोडल्यावर बोलावं लागत न्हाई ना," सोनकी म्हणाली. "मग मला कुणी 'सांग' म्हणणार न्हाई."

ऐकलंत? बघा, काय मागत होती ती! तिला ना आई सोडायची होती, ना बाप. तिला फक्त गप्प राहायची परवानगी हवी होती, आणि तिच्या गावात ती मिळायचा दुसरा रस्ताच नव्हता.

गर्दीत मागे गावचा लोहार उभा होता. चांगला आडदांड, मिशाळ गडी. तो एकदम हुंदके देऊन रडायला लागला. "मी बी नेलेत निरोप, आजोबा," तो म्हणाला. "माझे आई-बा कधीच मरून गेले. अजून कुणी 'सांग' म्हटलं की मी तिथनं पळ काढतो." त्याच्याजवळची एक म्हातारी पदराने डोळे पुसू लागली. मग आणखी एक बाई. मग पंचांतलाच एक जण. लोक एकमेकांकडे बघतच राहिले. इतकी वर्षं गाव शांत झोपत होतं, ते कुणाच्या जिवावर, हे त्या दिवशी गावाला कळलं.

थोरल्या पंचाने सोनकीच्या हातातली काडी घेतली आणि न मोडता हळूच खाली ठेवली.

"पोरी, ही मला मोडता यायची न्हाई," तो म्हणाला. मग तो त्या दोघांकडे वळला. "मी नवरा-बायकोची काडी मोडली. 'सोनकीची आई' आन्‌ 'सोनकीचे बा' यांची मोडलेली न्हाई, आन्‌ ती मोडायची ताकद कुठल्या पंचात न्हाई. आजपासून त्या नावानं एकमेकांना हाक मारायची आन्‌ पोरीचं जे काय असंल ते समोरासमोर बोलायचं. तिच्या तोंडून एक अक्षर जायचं न्हाई. करा सुरू."

"आत्ता?" विणकर दचकला.

"आत्ता. हितंच."

मघाच्या म्हातारीने सोनकीला खेळायला म्हणून दूर नेलं. दोघं समोरासमोर उभी राहिली. बायकोने जुन्या सवयीने "अवं" म्हणून सुरुवात केली आणि जीभ चावली.

"सोनकीचे बा," ती शेवटी म्हणाली, "पोरीच्या टाचांना भेगा पडल्यात. निजताना तेल लावत जा."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "सोनकीची आई, तुझ्याकडं... नीट झोपती का गं ती?"

ती चपापली. "न्हाई. झोपेत बोलती."

विणकराचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्याकडं पण बोलती. मला वाटलं, माझ्याच घरात."

"मला वाटलं, माझ्याच."

"काय बोलती तुझ्याकडं?"

मग एकदम दोघांच्याही तोंडून तेच निघालं.

"'सांगते,' म्हणती. 'सांगते, सांगते.'"

आणि ती दोघं भर पारावर, सगळ्या गावासमोर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत रडली.

ती दोघं पुन्हा एका घरात राहिली का? नाही. काही गोष्टी विटतात त्या विटतातच. पण गावाची ती म्हण त्या दिवशी मोडीत निघाली. दर पौर्णिमेला आणि दर अमावस्येला सोनकीचे आई-बाप साकवावर भेटत आणि तिचं सगळं बोलून घेत. कधी नीट बोलत, कधी चांगले कडाडून भांडतही. पण भांडत ते आपल्या तोंडाने, आणि सोनकी तोवर दूर काठावर खेळत असे.

सोनकीला मात्र लगेच खरं वाटलं नाही. पुढे कितीतरी दिवस कुणी "सोनके!" म्हटलं, की ती हातातला खेळ टाकून धावत येई, ताठ उभी राही आणि दोन्ही हात अंगाशी चिकटवून निरोपाची वाट पाही. मग आई असो की बाप, तिला जवळ ओढून सांगावं लागे, "काही सांगायचं नाही गं कुणाला. नुसती हाक मारली."

म्हणून लक्षात ठेवा: नवरा-बायकोचं नातं तुटू शकतं, आई-बापाचं तुटत नाही, तेव्हा मोठ्यांनी आपलं बोलणं आपल्याच तोंडाने बोलावं, लेकराच्या तोंडी देऊ नये.