सगुणाचा हुंकार

फार पूर्वी, दुपारच्या झोपेसाठी ढग जेव्हा डोंगरावर उतरत असत, तेव्हा त्या डोंगराखालच्या गावात सगुणा नावाची एक विणकरीण राहत होती. त्या गावात गोष्ट ऐकायची एक रीत होती. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. हुंकार आला नाही, तर गोष्ट तिथेच थांबायची. सगुणाचा हुंकार इतका गोड आणि वेळेवर यायचा, की एरवी तोंड न उघडणारा माणूसही रंगात येऊन गोष्ट सांगे.

तिथल्या राजाला स्वतःच्याच गोष्टी सांगायचा भारी सोस. तो दरबारात बोले आणि सगळे माना डोलवत 'हूं' म्हणत. एकदा सगुणाचा नवरा तेवढा गप्प राहिला. राजाने त्याला भुयारात टाकलं.

सगुणा रडत राजाकडे गेली. राजा म्हणाला, "रोज दुपारी बागेत येऊन मला हुंकार देत जा. माझं मन भरलं की सोडीन तुझ्या नवऱ्याला."

असल्यांचं मन कधी भरतं का? पण बिचारी सगुणा आशेवर रोज जात राहिली.

एके दुपारी बागेत मंद वारा सुटला होता. बकुळीची फुलं टपटप पडत होती, कारंजं आपल्याशीच गुणगुणत होतं. राजा झोपाळ्यावर रेलून सांगत होता, "मी गावाची नदी वळवून माझ्या महालाभोवती फिरवली."

"हूं."

"लोक माझ्या टिंगलीची गाणी रचतील म्हणून गाणाऱ्यांची तोंडं बंद केली."

"हूं."

"वेशीजवळच्या आळीत एक तान्हं मूल रडलं. मला वाटलं, बंड झालं! अख्खी आळी रिकामी केली."

"हूं…"

सगुणाचे डोळे जड झाले. तिला वाटलं, आपण लहान आहोत, आईच्या मांडीवर डोकं आहे आणि आई तीच जुनी गोष्ट सांगते आहे. लहानपणी विचारायची तसंच तिने झोपेत विचारलं, "मग? तो राक्षस मेला कसा?"

झोपाळा थांबला. सगुणा खाडकन जागी झाली.

"राक्षस?" राजा ओरडला. "राक्षस कुठे दिसला तुला?"

"चुकले, महाराज! मला वाटलं, आई गोष्ट सांगतेय. तिच्या गोष्टीतला राक्षसही नदी पळवतो, गाणी बंद करतो आणि एवढ्याशा पोराला भितो."

राजा पांढराफटक पडला. "मी राक्षस नाही. मी तुमचा पोशिंदा आहे. म्हण हूं! एवढा एक हुंकार दे, आत्ता नवऱ्याला सोडतो. नाहीतर तूही भुयारात."

हुंकार सगुणाच्या ओठांपर्यंत आला. नवरा घरी येणार होता! पण तो बिचारा भुयारात बसला होता, ते हेच न म्हटल्यामुळे. आईच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा. याचा कशात आहे, ते तिला आत्ता कळलं. तिने ओठ घट्ट मिटले.

राजा वाट पाहत राहिला. शेवटी पहारेकऱ्याला म्हणाला, "घेऊन जा हिला!"

पहारेकरी त्याच रिकाम्या आळीतला होता. तोही 'हूं' म्हणाला नाही. पंखा ढाळणाऱ्याने पंखा खाली ठेवला. माळी गप्प, दासी गप्प. ती शांतता बागेतून महालात आणि महालातून बाजारात हलके हलके पसरत गेली. राजाने बोलायला तोंड उघडलं, पण हुंकाराशिवाय त्याला पुढचं वाक्य सुचेना. मग त्याचा आवाजच फुटेना.

पहारेकऱ्याने जाऊन भुयाराची किल्ली फिरवली. विणकर डोळे मिचकावत उन्हात आला. सगुणाला पाहून त्याला रडूच कोसळलं.

"राजाला काय म्हणालीस गं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," सगुणा म्हणाली.

तात्पर्य: गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, खऱ्याखुऱ्या राक्षसाचा आपल्या हुंकारात, म्हणून हुंकार देताना जागं असावं.