पाण्यातला सोबती

पाखरांना बोलता यायचं आणि पाण्याला नाही, त्या काळची गोष्ट. एका तळ्यावर एक खंड्या एकटाच राहायचा. तसा अगदी एकटा नव्हे. वाकलेल्या फांदीखाली, पाण्यात, दुसरा खंड्या असे. रोज संध्याकाळी हा एक मासा त्याच्यासाठी खाली टाकायचा.

एका दुष्काळात उपाशी कावळीण आली. “भाऊ, मासा धरायला शिकवा.”

“त्यात काय शिकवायचं? झेप घ्यायची नि धरायचा!”

तिनं दहादा झेप घेतली. चोचीत नुसतं पाणी. “दिसला तिथंच मारली हो चोच!” ती रडकुंडीला आली.

खंड्या गोंधळला. आपण चोच कुठं मारतो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता पुन्हापुन्हा सूर मारून पाहिलं. मग म्हणाला, “ताई, दिसतो त्याच्या जरा खाली मारा. पाणी फसवतं. पाण्यात दिसतं ते तिथं नसतंच.”

कावळिणीला मासा मिळाला. खंड्या मात्र स्वतःच्याच शब्दांशी अडखळला.

संध्याकाळी तो मासा घेऊन फांदीवर आला. पाण्यातलाही आला, त्याच्याही चोचीत मासा होता. खंड्या बराच वेळ खाली बघत राहिला.

मग वळला, मासा अजून काठावरच बसलेल्या कावळिणीपुढे ठेवला आणि म्हणाला, “आज जरा थांबता का?”