डोळ्यात पडलेलं फूल

राजा होता एक, पण नावालाच. राज्य चालवायची त्याची आई, थोरली राणी. राजाची बायको हंसावती ही थोरलीच्या सख्ख्या भावाची लेक. म्हणजे सासूच आत्या, बरं का.

हंसावतीला मुलगी झाली, मैना. गोड पोर. पण उन्हात नेली की डोळे घट्ट मिटायची नि रडायची. तोंडावर तिळासारखे डाग उठले.

थोरली म्हणाली, "सूर्यदेव रुसलाय. तीन रविवार पोरीनं उघड्या डोळ्यांनी अर्घ्य द्यायचं."

पहिल्या रविवारी डोळे लालभडक झाले. थोरली म्हणाली, "पाप वाहून जातंय." मग दुसरा रविवार. पापण्या सुजल्या, पापण्यांचे केस झडले. "दृष्ट उतरतेय." हंसावतीनं राजाकडे पाहिलं, तर तो विडा लावत बसलेला. मग तिसरा रविवार. डाव्या बुबुळावर पांढरा डाग आला. वैद्य म्हणाला, "फूल पडलं हो डोळ्यात."

आता मूर्तीवरून फूल पडलं की आपण म्हणतो, देवानं कौल दिला. थोरलीनं तेवढंच ऐकलं. "फूल पडलं? पावला देव." गावभर पेढे वाटले. पोरीला त्या डोळ्यानं पेढासुद्धा दिसेना. थोरली म्हणते, "येत्या रविवारी पुन्हा. उजव्यातही पडू दे."

मग हंसावती उठली. डोंगर चढली, ढग चढली, थेट सूर्याच्या दारात उभी राहिली.

"माझ्या लेकराशी कसलं वैर तुझं?"

सूर्य म्हणाला, "वैर नाही बाई. मी सगळ्यांनाच भाजतो. माणसाच्या अंगात बारीक बारीक शिवणाऱ्या बाया असतात. मी फाडलेलं त्या रोज शिवून काढतात. तुझ्या पोरीच्या अंगात त्या नाहीत. अर्धी खोट आईकडून आली, अर्धी बापाकडून."

"मग डोळा परत दे."

"ते मला येत नाही. उरलेला माझ्यापासून झाक."

मग ती परत आली. थोरली तांब्या भरून तयारच. "तुझ्याच रक्ताचा दोष हा."

"आत्याबाई," हंसावती म्हणाली, "माझं रक्त तुमच्याच बापाच्या घरचं. तुमच्या लेकातही तेच आहे. पोरीला दोन्हीकडून तुमचंच माहेर आलंय."

आणि तिनं तो तांब्या विहिरीत फेकला. खिडक्यांना काळी घोंगडी ठोकली.

राजा सुखात राहिला. थोरली सुखात राहिली. न राहायला त्यांचं गेलं काय होतं? मैना दिवेलागणीनंतर अंगणात खेळायची आणि एका डोळ्यानं आईला ओळखायची. शिवणाऱ्या बाया काही आल्या नाहीत. खोटं कशाला सांगू?

चला, आडवे व्हा. डोळे मिटा. दोन आहेत ना? मग दोन्ही मिटा.